पुतळाबाईचा पेपर फुटला

पुतळाबाईचं हसू हा सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या त्या चाळीचा सार्वजनिक मामला होता. ती एक नंबरच्या खोलीत हसली की नऊ नंबरची माणसं हातातलं काम टाकून हसायला लागत आणि आपण का हसतोय हे कोणालाच ठाऊक नसे. एकदा ती सत्यनारायणाच्या पूजेत हसली, तेव्हा गुरुजींनी गोंधळून तिसरा अध्याय दोनदा वाचला. तीस वर्षांपूर्वी ती शिरपूरजवळच्या खेड्यातून नवऱ्याच्या, म्हणजे नारायणच्या, मागोमाग इथे आली. तो सुताच्या कारखान्यात लागला, तीही तिथेच पॅकिंगला बसली. अकरा वर्षं तिनं बॉबिनी खोक्यांत भरल्या. त्या अकरा वर्षांत सुपरवायझरनं तिला दोनदा लेखी तंबी दिली आणि दोन्ही वेळा गुन्हा एकच होता: लाइनवर हसणे व इतरांस हसवणे.

मग ती अंगणवाडीत मदतनीस झाली. चाळिशीत बाहेरून दहावी दिली, गणितात बरोब्बर पस्तीस मिळाले, आणि त्या पस्तिसाचे पेढे तिनं पार सिल्वासाच्या बाजारापर्यंत वाटले. आता ती सेविका आहे. अंगणवाडी म्हणजे चाळीचे मालक वाळूभाई यांच्याच दोन खोल्या, मधली भिंत पाडलेली. तिथे धुळ्या-नंदुरबारची पोरं, बिहारची पोरं, ओडिशाची पोरं, सगळी एकाच खिचडीवर तुटून पडतात आणि सगळी तिला मावशी म्हणतात.

तर या पुतळाबाईला सिल्वासाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. शिकवायला अंजली मॅडम होत्या, नाशिकच्या, सुपरवायझर असूनही हसणाऱ्या. विषय होता स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांत ती लवकर कशी ओळखायची, त्यासाठी आईला विचारायच्या वीस प्रश्नांचा कागद होता. मूल बोट दाखवतं का, नावाला ओ देतं का, खोटाखोटा चहा पाजतं का, असले प्रश्न. कागद वाचून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "एवढं सगळं विसरलात तरी एक लक्षात ठेवा. गंमत दिसली की मूल आधी गमतीकडे बघतं आणि मग आपल्याकडे बघतं. 'तू पण बघितलंस ना?' असं. ते बघणं शोधा."

ज्या मुलाच्या कागदावर शंका निघेल, त्याला दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी दवाखान्यातल्या शिबिरात न्यायचं होतं. तिथे मुंबईच्या डॉक्टर येणार होत्या आणि लगेच त्याच दवाखान्यात पुढची शिकवणी ठरवून देणार होत्या. शनिवार चुकला की पुढचं शिबिर सहा महिन्यांनी. चाळीतल्या कोणाला मुंबई-सुरतेला खेटे घालायला सुट्टी मिळते? आणि दोन वर्षांच्या पोराचे सहा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा. हे गणित पुतळाबाईला पस्तीस मार्कांवरसुद्धा समजलं. एकही पोरगं सुटता कामा नये, असं ठरवूनच ती परतली.

आणि आल्या आल्या तिनंच घोळ घातला.

चाळीतल्या बायका नळावर जमल्या होत्या. बहुतेक सगळ्या कोणत्या ना कोणत्या कारखान्यात कामाला. पुतळाबाईनं विचार केला की यांना समजेल अशा शब्दांत सांगावं. म्हणाली, "एक तपासणी येऊन राहिली. दीड ते अडीच वर्षांच्या पोरांची. घाबरायचं काही काम नाही व बायांनो. तुमच्या लाइनवर क्यूसी होते ना? तशी."

याहून सोपं करून सांगणं कोणाला जमलं नसतं, आणि याहून वाईटही. क्यूसी म्हणजे काय ते त्या बायकांना पुतळाबाईपेक्षा जास्त कळत होतं. पास झालेला माल खोक्यात जातो. उरलेल्यावर लाल स्टिकर लागतो आणि तो ग्राइंडरमध्ये जाऊन त्याचा भुगा होतो. नळाचं पाणी वाहत राहिलं आणि बायका गप्प झाल्या. पुतळाबाईला वाटलं, बघा, एका वाक्यात समजलं! ती खुशीत घरी गेली.

त्या प्रश्नांची एक प्रत अंगणवाडीत डाळीच्या डब्याखाली होती. मदतनीस कमळाबाईनं शुद्ध भल्या मनानं तिचा फोटो काढला आणि चाळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "तयारीला लागा." पेपर फुटला! दिवे लागेपर्यंत त्याचं हिंदी झालं, भोजपुरी झालं, आणि वाळूभाईंच्या सुनेनं गुजरातीही करून टाकलं.

पुढचे आठ दिवस त्या चाळीत जे चाललं त्याला तोड नाही. ज्याला त्याला बोट दाखवायला शिकवणं सुरू झालं. पोरं झोपेतून उठली की बोट, जेवताना बोट, अंघोळीत बोट. वाळूभाई भिंतीचा पोपडा बघायला आले तर सात पोरांनी एकदम त्यांच्याकडे बोटं रोखली. त्यांना वाटलं, आपल्यावर काहीतरी आरोप आहे. खोट्या चहाचं तर विचारूच नका. नारायणला नाक्यापासून खोलीपर्यंत यायला अर्धा तास लागला, कारण वाटेत त्याला चौदा रिकामे कप प्यावे लागले आणि प्रत्येक वेळी 'वा, झकास' म्हणावं लागलं. "अगं ए," तो दारातूनच ओरडला, "आज घरी खरा असला तरच दे, नाहीतर राहू दे!"

पुतळाबाई हसून हसून लोळली. आता सांगते तुम्हाला, तेव्हा तिनं हसायला नको होतं. पण ती पुतळाबाई होती.

कागद भरायचा दिवस आला. सतरा मुलं, सतरा आया. डोक्याला तेल, कपाळाला तीट, एकाच्या तर पायात बूट, तेही आयुष्यात पहिल्यांदा. पुतळाबाई प्रश्नाचा पहिला शब्द उच्चारायची आणि समोरची बाई ठणकावून म्हणायची, "हो!" आता त्या वीस प्रश्नांत तीन प्रश्न मुद्दाम उलटे होते. त्यांत 'नाही' हे चांगलं उत्तर. मुलाला ऐकू येत नसेल अशी शंका तुम्हाला कधी आली का? "हो!" डोळ्यांपुढे बोटं विचित्र नाचवतं का? "हो तर! रोज!" साध्या आवाजानंही बिथरतं का? "एकदम हो, मावशी!" संध्याकाळी हिशेब केला तर सोळा पोरं एकाच वेळी सर्वगुणसंपन्न आणि बहिरी निघाली होती.

सतरावा कागद तेवढा बिनचूक होता. सतरा हो, तीन नाही. तो रोहिणीच्या संजूचा.

रोहिणी नंदुरबारची. प्लॅस्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात क्यूसीलाच होती आणि तिच्या नजरेतून केसाएवढी चीर सुटत नसे. तिनं फुटलेला पेपर नीट वाचला होता. तिचा नवरा नवनाथ तारेच्या कारखान्यात, शांत माणूस. संजू बावीस महिन्यांचा.

अंजली मॅडमनी कागद पाहिले आणि त्याही हसत सुटल्या. "हे सोळा परत भरा," त्या फोनवर म्हणाल्या. "हा एक बरोबर आहे, तो ठेवा."

फोन ठेवला आणि पुतळाबाईचं हसू मात्र मध्येच अडकलं. तिनं आजवर काही नाही तर पाचशे पोरांची नाकं पुसली होती. एकही पोरगं वीसपैकी वीस नव्हतं. कोणी नाव हाकारलं तर ढुंकून बघत नाही, कोणी कुकरच्या शिट्टीला भोकाड पसरतं, कोणी सगळं करतं पण फक्त मनात आलं तर. पोरं अशी गळकी, चिकट, आडमुठीच असतात. वीसपैकी वीस फक्त पाठ केलेल्याला मिळतात. आणि संजू तर गुणी म्हणून नावाजलेला. रडत नाही, मागत नाही, कोपऱ्यात बसून डब्याचं झाकण गरगर फिरवतो. तिनंच किती वेळा म्हटलं होतं, घ्या बाई, याला सांभाळायला काही लागत नाही!

बुधवारी सगळ्या आया कागद पुन्हा भरायला आल्या. पुतळाबाईनं रोहिणीलाही बोलावून घेतलं होतं. कागद तिनं कपाटात ठेवून दिले. मग बाहेर जाऊन आपली एक चप्पल उचलली, चांगली झटकली, डोक्यावर ठेवली आणि आत येऊन अगदी गंभीर चेहऱ्यानं खिचडी वाढू लागली.

आधी एक पोरगं खिदळलं. मग दुसरं. एकानं चप्पल पाहिली, आईकडे पाहिलं, पुन्हा चप्पल पाहिली, आणि 'आई आई आई' करत, बोट दाखवत नाचायला लागलं. हे बोट कोणी शिकवलेलं नव्हतं! ओडिशाची एक चिमुरडी तर अशी, की तिची आई कोणाशी तरी बोलत होती, तर हिनं आईचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि गर्रकन चपलेकडे फिरवलं. पुतळाबाईनं खिचडीचा डाव चालवला, चप्पल हलली, पोरं किंचाळली. नेमके तेव्हाच वाळूभाई दारात आले.

"पुतळाबेन, आ शुं करो छो? माथा पर चंपल?"

"सरकारी काम, वाळूभाई," पुतळाबाई मान न हलवता म्हणाली. "पंगतीत बसा."

ते खरंच बसले. हशा इतका झाला की रस्त्यावरचे दोन टेम्पोवाले डोकावून गेले. आणि त्या सगळ्या गदारोळात संजू झाकण फिरवत होता. झाकण थांबलं की पुन्हा फिरवत होता. चपलेकडे त्याचं लक्ष गेलं होतं, एकदा, भिंतीवरच्या खिळ्याकडे जावं तसं. आईकडे त्यानं पाहिलंच नाही. रोहिणी मात्र सगळ्या पोरांकडे बघत होती. ती चिमुरडी आईचं तोंड फिरवत होती, तेव्हा रोहिणी तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

संजूखेरीज आणखी दोन पोरांकडे पुतळाबाईनं पुन्हा बघायचं ठरवलं. बाकीच्यांची तिला काळजी नव्हती. संध्याकाळी ती रोहिणीच्या खोलीवर गेली.

"मावशी, तुम्ही माझ्या पोराला रिजेक्ट करायला आल्या," रोहिणी कणीक मळता मळता म्हणाली. वर बघितलंही नाही.

"नाही व पोरी."

"मग काय? सतरा हो, तीन नाही. मॅडमनं पास केला. तुम्ही कोण?"

"मी कोणी नाही. क्यूसी हा शब्द माझा. मी बोलली, माझी अक्कल गेली होती चरायला. अगं, इथं लाल स्टिकर नाही आणि ग्राइंडर पण नाही. ज्याला मदत लागंल त्याला लवकर मिळावी, एवढंच आहे ते."

रोहिणीनं हात पुसले. "संजू, मावशीला चहा दे."

संजू उठला. रिकामा कप उचलला, पुतळाबाईच्या ओठांना लावला, खाली ठेवला आणि परत झाकणाकडे गेला. एका पायरीची चूक नाही. "झकास," पुतळाबाई म्हणाली, पण तोवर त्यानं पाठ फिरवली होती.

"पाहिलं?" रोहिणी म्हणाली.

"पाहिलं. आता एकच विचारते, मग जाते. न सांगता, न शिकवता, त्यानं तुला कधी काही दाखवलं का? आई, हे बघ, असं?"

कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी, मग तिसरी. रोहिणीनं उठून गॅस बंद केला. "शुक्रवारी आम्ही नंदुरबारला जाऊन राहिलो," ती म्हणाली. "सुट्टी मंजूर झाली. येते म्हणा आता."

पुढे दोन दिवस पुतळाबाई हसली नाही. चाळीला ते पाण्याचा पंप बंद पडल्यासारखं वाटलं. लोक नारायणला आडून आडून विचारू लागले, ताप आहे का, पोटबिट दुखतं का. एकीनं काढा पाठवला. कमळाबाईनं तर फोटो काढल्याबद्दल तिसऱ्यांदा माफी मागितली. शुक्रवारी संध्याकाळी पुतळाबाईनं नवनाथला बॅग घेऊन नाक्यावर उभा पाहिला. शनिवारी सकाळी रोहिणीच्या दाराला कुलूप होतं. त्या कुलपापुढे ती थोडा वेळ उभी राहिली. मीच घालवलं हे पोर, असं तिच्या मनात आलं आणि ते तिला खाऊ लागलं.

ती बाकीची दोन मुलं आणि त्यांच्या आया घेऊन दवाखान्यात पोचली तर रांगेत सगळ्यांत पुढे रोहिणी. कडेवर संजू, त्याच्या हातात झाकण, आणि हिच्या कपाळावर आठी.

"नवनाथला एकट्यालाच पाठवलं," ती म्हणाली. "मी फक्त दाखवायला आले. तो पास आहे, मावशी. डॉक्टरांकडून ऐकते आणि जाते."

पुतळाबाईच्या घशातून जो आवाज निघाला तो हसणं होता की काय, ते शेजारच्या शिपायालाही कळलं नाही. त्यानं तिला पाणी आणून दिलं.

नेहा डॉक्टर जमिनीवर सतरंजी टाकून बसल्या होत्या. तरुण, केस विस्कटलेले, मांडीवर खेळण्यांची टोपली. रोहिणी समोर बसली आणि प्रश्न विचारायच्या आधीच सुरू झाली. "सगळं येतं त्याला, मॅडम. बोट पण दाखवतो. संजू! पंखा कुठं? पंखा दाखव."

संजूचं बोट सरळ वर गेलं. ताठ, ठाम, अगदी छतापर्यंत.

त्या खोलीत एसी होता. छत कोरं होतं.

संजूनं बोट खाली घेतलं, आईचा हात उघडून पाहिला, त्यात काही नव्हतं, म्हणून पुन्हा झाकणाकडे वळला. रोहिणी त्या कोऱ्या छताकडे बघत राहिली. लाखभर डब्यांतली चीर पकडणारी तिची नजर. तिला दिसायचं ते दिसलं.

"शिकवलंय मी त्याला," ती एका दमात म्हणाली. "कागद आधीच फुटला होता. फसवलं मी तुम्हाला, मॅडम. आठ दिवस शिकवलं."

"किती दिवस?"

"आठ."

नेहा डॉक्टरांनी टोपली बाजूला ठेवली. "आठ दिवसांत हा 'पंखा' ऐकून बोट वर करायला शिकला? कसं शिकवलंत?"

रोहिणीला वाटलं, आता बोलणी बसणार. ती खाली मान घालून सांगू लागली. बोट म्हटलं की तो बघायचाच नाही. मग तिच्या लक्षात आलं की झाकण तिच्याकडे असलं की तो तिच्या हाताकडे येतो. म्हणून तिनं पंख्याखाली उभं राहून झाकण उंच धरलं. त्यानं हात वर केला की झाकण फिरवून द्यायचं. मग नुसता हात नको, बोट. मग झाकण पाठीमागे लपवून. चुकला तर रागवायचं नाही, परत पहिल्यापासून. ड्युटीवरून आल्यावर रोज शंभर-दीडशे वेळा. "एकदा वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला नेला होता," ती सांगत गेली, आता तिला कोणी विचारतही नव्हतं, "सिंह गाडीला घासून गेला. सगळी पोरं ओरडली. हा खिडकीच्या जाळीला बोट लावून बसला. मी नवनाथला म्हटलं, किती धीट पोरगा आहे. मला तेव्हाच कळलं होतं, मॅडम. मी कोणाला सांगितलं नाही."

डॉक्टर सगळं लिहून घेत होत्या. बाहेरची रांग कुरकुरायला लागली होती. पुतळाबाई दाराला पाठ लावून उभी राहिली आणि आत येऊ बघणाऱ्या प्रत्येकाला हातानं थांबवत राहिली.

"रोहिणीताई," नेहा डॉक्टर म्हणाल्या, "उद्या तो किती बोलेल, ते मी आज सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. पण आम्ही इथे आयांना नेमकं हेच शिकवतो. पोराला जे आवडतं ते धरायचं, आणि तिथून एकेक पायरी. बऱ्याच जणींना हे जमायलाच महिने जातात. तुम्ही ते करूनच आलात. फक्त एक बदलू या. पंखा नको. आधी त्याला तुमच्याकडे बघायला शिकवू. सोमवारपासून याल?"

"दुपारची पाळी मागून घेते," रोहिणी म्हणाली, आणि मग इतकी रडली की पुतळाबाईला दार सोडून आत यावं लागलं. आणि आत आल्यावर त्या बाईला, देवाशपथ, हसू फुटलं. थांबवता येईना. डोळ्यांतून पाणी, तोंडातून हसू, शिपाई दारात, रांग अर्धी खोलीत. रडता रडता रोहिणीही हसायला लागली. मग डॉक्टर. कारण कोणालाच सांगता आलं नसतं. संजू तेवढा आपल्या कामात होता.

जरा वेळानं रोहिणीनं पदरानं तोंड पुसलं, संजूला मांडीवर ओढून घेतलं आणि हात पुढे केला.

"मावशी, तो कागद आणला ना तुम्ही? कोरा द्या. परत विचारा मला, पहिल्यापासून."

पुतळाबाईनं पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला आणि पहिला प्रश्न वाचला.

"नाही," रोहिणी म्हणाली. "पुढचा विचारा."